सासऱ्यांच्या संगणकाला फुटलेला घाम

अठराव्या चालीला सी तय्यबांवर, म्हणजे तय्यबसाहेबांवर, मात झाली आणि नौफलनं संगणकाकडे रागानं पाहिलं. संगणक त्यानंच आणला होता. सुंदुसला मागणी घालायला जायचं ते बदामाची मिठाई घेऊन, हे सगळ्या स्फाक्स शहराला ठाऊक. पण या पठ्ठ्यानं बाजारातला सगळ्यात वेगवान संगणक होणाऱ्या सासऱ्यांच्या, सी तय्यबांच्या, टेबलावर मांडला आणि त्यांचा जुना, लाडका बुद्धिबळाचा खेळ त्यात घालून दिला. घ्या आता!

बारा वर्षं त्या खेळाला सगळ्यात अवघड पातळीवर लोळवणारे सी तय्यब सकाळपासून नुसते हरत होते.

"तू माझा खेळ बदललास," ते गुरगुरले.

"छे हो, सी तय्यब! खेळ तोच. त्याला विचार करायला दहा सेकंद मिळतात. जुनं यंत्र तेवढ्यात दोन चाली पुढचं बघायचं, हे सहा चालींचं बघतं."

खरं बोलायची काही गरज होती का? सी तय्यबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं मी एका मठ्ठाला हरवत होतो? आणि कॅफेत मिशीला पीळ देत सांगत होतो?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! शुक्रवारी लग्न पक्कं करायची फातिहा रद्द. आधी मी जिंकेन, मग लग्न ठरेल."

सुंदुसनं नौफलला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे शहाण्या, तुला माझ्याशी लग्न करायचंय की बाबांना हरवायचंय?"

"आता काय करू?"

"मंद कर त्याला!"

लोक यंत्र वेगवान करायला पैसे मोजतात, आणि हा बिचारा उलट्या कामाला लागला. सी तय्यब नमाजाला गेल्यावर त्यानं खेळाच्या मागे, आवाज बंद करून, एक सिनेमा लावला. यंत्र ढिम्म. मग दुसरा, तिसरा. शेवटी सात सिनेमे एकदम चालले, तेव्हा कुठे आतला पंखा घरघरायला लागला.

सी तय्यब येऊन खेळायला बसले. पाचव्या चालीला त्यांनी कान टवकारले.

"झकिया, ऐकलंस? धापा टाकतोय! घाम फुटलाय त्याला माझ्यापुढे!"

"फुटेल नाही तर काय," आतून सुंदुसची आई, लल्ला झकिया, म्हणाल्या, "मला रोजच फुटतो."

सी तय्यब जिंकले. उठून त्यांनी नौफलचे दोन्ही गाल चुंबले. नौफल रोज संध्याकाळी येऊन गुपचूप सिनेमे लावत राहिला, ते रोज जिंकत राहिले, आणि शुक्रवारी थाटात फातिहा वाचली गेली. नौफलला आनंदानं रडू आवरेना. त्यानं तर सासरपासून चांगलं लांब, समुद्राकाठी, भाड्यानं घरही घेऊन ठेवलं होतं.

पाहुणे गेल्यावर सी तय्यबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ते घर सोडून दे, बाळा. आमचा वरचा मजला रिकामाच आहे."

"पण का, सी तय्यब?"

"तू घरात नसलास की हे यंत्र फार उद्धटपणा करतं. तुझा धाक आहे त्याला."

खरं काय ते सांगायला नौफलनं तोंड उघडलं. समोर सुंदुस डोळे वटारून उभी होती.

"सामान उद्याच आणतो," तो म्हणाला.