परेरा मॅडमची लाल रेष

परेरा मॅडम लग्नात आहेर म्हणून फेराइट देतात.

आमच्या ऑफिसातल्या स्नेहलच्या लग्नात, कल्याणच्या हॉलमध्ये, हे मी स्वतः पाहिलं. लोक स्टेजवर चढत होते, पाकीट देत होते, फोटोपुरतं हसून उतरत होते. मॅडमनी पर्समधून एक जाड काळं कडं काढलं, नवऱ्या मुलाच्या तळहातावर ठेवलं आणि मागच्या रांगेची पर्वा न करता त्याला बजावलं, "मिक्सरच्या वायरला घाल. तीन वेढे दे. एका वेढ्याने काय होत नाय."

नवऱ्या मुलाच्या आईने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांच्यात हे दृष्ट लागू नये म्हणून देतात का गं?"

मी "हो" म्हटलं. लोकांना समजावून सांगणं मला जमत नाही.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. जुन्या मॉनिटरच्या वायरला टोकाशी एक फुगीर डबी असते, आठवतेय? तिच्या आत हेच असतं, फेराइट. कॉम्प्युटर, चार्जर, मिक्सर, जे जे आत भराभर चालू-बंद होतं ते ते हवेत आणि विजेच्या तारांत एक खरखर सोडत असतं. आपल्याला ती ऐकू येत नाही. पण शेजारच्या रेडिओला येते, आणि कधी कधी विमानातल्या यंत्रांनाही येऊ शकते. फेराइट ती खरखर वायरीतच दाबतं. ती किती असलेली चालेल याचे नियम आहेत, आणि ते पाळले गेलेत की नाही हे बघणारी एक छोटी प्रयोगशाळा ठाण्यात आहे. मी तिथे ज्युनियर आहे. मॅडम तिथे सर्वेसर्वा आहेत. म्हणजे मालक सबनीस सर आहेत, पण ही गोष्ट फक्त सरांना वाटते.

आमच्या स्क्रीनवर एक लाल रेष असते. यंत्राचा आलेख रेषेच्या खाली राहिला तर पास, वर गेला तर नापास. मॅडम त्या रेषेला "कुंपण" म्हणतात. "आवाज आपल्या घरात ठेवायचा," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रिंटरला सांगतात, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला सांगतात, फोनवर ओरडणाऱ्या ग्राहकाला सांगतात. यंत्राशी बोलताना त्यांचा सूर शाळेतल्या बाईंचा होतो. "काय रे, एवढासा तू, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काय बोलतोस?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे मला उद्देशून आहे. मी तर दिवसभरात चार वाक्यंही बोलले नव्हते.

एकदा स्क्रीनवर रोज दुपारी एक आगंतुक शिखर उगवायला लागलं. कुठलंही यंत्र न लावता. मॅडमनी अँटेना खांद्यावर घेतली आणि सगळी इंडस्ट्रियल इस्टेट पालथी घातली. मी मागून वायर सांभाळत. वॉचमनने विचारलं, "मॅडम, केबल का?"

"चोर शोधतेय," मॅडम म्हणाल्या.

चोर सापडला तो आमच्याच ऑफिसात. सबनीस सरांच्या टेबलाखाली पाय दाबायचं मशीन होतं, जेवणानंतर ते चालू करून सर डोळे मिटून बसत. मॅडम खाली वाकल्या, त्या मशीनवर 'नापास'चं लाल स्टिकर चिकटवलं आणि सरांचे डोळे उघडायच्या आत बाहेर पडल्या. ते स्टिकर निघता निघत नाही. सर अजून त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवतात.

तर अशा मॅडम साठ वर्षांच्या होत आल्या. आमच्याकडे साठीनंतर दर वर्षी मुदतवाढीचं पत्र लागतं, आणि ते सबनीस सर देतात.

त्याच सुमाराला चौबळांचा कॉम्प्युटर आला. चौबळांचं शीळफाट्याजवळ गोदाम आहे, तिथे ते छोटे, स्वस्त कॉम्प्युटर जुळवून शाळांना आणि क्लासेसना विकतात. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी तपासणीसाठी एक नमुना पाठवला. तो मीच तपासला. इतका शांत कॉम्प्युटर मी कधी पाहिला नव्हता. आलेख लाल रेषेच्या कितीतरी खाली, झोपल्यासारखा पडलेला. मी खूश होऊन मॅडमना दाखवला.

मॅडम खूश झाल्या नाहीत. "ह्या किमतीत एवढे चांगले संस्कार?" त्या म्हणाल्या. "बाय, चप्पल घाल."

आम्ही डोंबिवलीला गेलो, स्टेशनजवळच्या एका दुकानात. मॅडमनी तोच कॉम्प्युटर मागितला, खोक्याचं सील तपासलं, स्वतःचं कार्ड पुढे केलं. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "आंटी, गेमिंगसाठी का?"

"नाय. भांडणासाठी."

ऑफिसात आल्यावर तो लावला. आलेख उठला तो लाल रेष ओलांडून वर, आणि वरच राहिला. मॅडमनी दोन्ही कॉम्प्युटरचे अॅडॅप्टर फोडले, म्हणजे भिंतीच्या प्लगमध्ये जाणाऱ्या वायरीवरचे ते काळे डबे. नमुन्याच्या डब्यात खरखर अडवणारे सगळे भाग जागच्या जागी होते. दुकानातल्या डब्यात त्या भागांची नावं छापलेली होती, जागा आखलेल्या होत्या, पण भाग नव्हते. त्यांच्या ऐवजी तारेचे दोन तुकडे जोडलेले. सजवलेला नवरदेव तपासायला पाठवायचा आणि लग्न दुसऱ्याशीच लावायचं, तसला प्रकार.

सबनीस सर वाईट नाहीत. ते फक्त घाईत असतात. म्हणाले, "परेरा, अहो, आपण नमुना तपासतो. नमुना पास आहे. रिपोर्टच्या तळाशी आपण लिहितोच की, निकाल दिलेल्या नमुन्यापुरता. दुकान तपासणं आपलं काम नाही."

"मग कुणाचं?"

"कुणाचं का असेना! आपलं नाही."

"मग माझं आहे," मॅडम म्हणाल्या. "मी दोन्ही आलेख जोडणार. चौबळांना हवं तर घेऊ देत रिपोर्ट."

"तुमच्या मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावर आहे, परेरा."

"पाय दाबायच्या मशीनच्या वर की खाली?" मॅडमनी विचारलं, आणि त्या चेंबरमध्ये जाऊन बसल्या.

आमचं चेंबर म्हणजे यंत्रं तपासायची पोलादी खोली. आत भिंतींना स्पंजची निळी टोकं, बाहेरची एकही लहर आत येत नाही. फोन लागत नाही. दार जाडजूड, त्यामुळे थापाही ऐकू जात नाहीत. सर दारावर थापा मारत राहिले, मग फोन करत राहिले. तासाभराने मॅडम बाहेर आल्या, जेवणाचा डबा धुतला, आणि दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली.

शनिवारी सकाळी सरांनी मला बोलावलं. "तू जा त्यांच्या घरी. रिपोर्टवर त्यांची सही आण. तुझी तपासणारी म्हणून लागेल, त्यांची मंजुरी देणारी म्हणून. तुझं ऐकतील त्या. तू वाद घालत नाहीस."

माझी निवड वाद न घालण्यासाठी नेहमीच होते. मी गेले.

मॅडमचं घर खाडीकडच्या गावठाणात आहे. चहूबाजूंनी उंच इमारती उठल्यात आणि मध्ये ही कौलारू घरांची एक ओळ, दारापुढे क्रूस, क्रूसापुढे झेंडूची माळ. मॅडमच्या ओसरीवर एक गोरेपान, पिकल्या केसांचे गृहस्थ खुर्चीत बसले होते, मांडीवर मोठा रेडिओ. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"माझा भाऊ. बस्त्याव," मॅडम आतून म्हणाल्या. "चप्पल काढ, हळू ये. बातम्या चालल्यात."

घरात पिवळे बल्ब होते, जुने, तारेचे. टीव्ही नाही. फ्रिज मागच्या पडवीत, लांब. कॉम्प्युटर कुठेच दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाय ठेवत. आपलं कुंपण आहे ना, ते शेजाऱ्यासाठी असतं. भिंतीपलीकडच्या माणसाला त्रास नको एवढंच नियम बघतो. एका खोलीत रेडिओ नि कॉम्प्युटर ठेवलास तर पास झालेला पण खरखर करतोच."

"मग घरून काम असलं की?"

"हाताने लिहिते. सोमवारी ऑफिसात टाइप करते."

बस्त्यावमामांना घड्याळ कळत नाही. कधीच कळलं नाही. लहानपणी शाळेतून परत पाठवलं होतं. आईने त्यांना रेडिओवर दिवस शिकवला. भक्तिगीतं लागली की आंघोळ, शेतीचा कार्यक्रम लागला की चहा, दुपारची गाणी लागली की जेवण. आई गेली, दिवस तसाच राहिला. हे मॅडम मला डाळीला फोडणी देता देता सांगत होत्या, बसचे थांबे सांगावेत तसं.

मी पिशवीतून रिपोर्ट काढला. "सर म्हणाले, सही नाही झाली तर पत्र..."

"ठाऊक आहे." त्यांनी रिपोर्ट घेतलाही नाही. "पत्र नाय आलं तर काय होईल तेही ठाऊक आहे. ह्या घरात कमावणारी मी एकटीच आहे, बाय. मला नको सांगूस."

तेवढ्यात ओसरीवरून एक खर्रर्र आवाज आला. रेडिओतल्या बाई बोलता बोलता त्या आवाजात बुडाल्या. बस्त्यावमामांनी रेडिओ उचलला, फिरवला, छातीशी धरला. खरखर तशीच.

"क्लास उघडला," मॅडम म्हणाल्या.

पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर मुलांचा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. गावठाणाची आणि त्या गाळ्यांची विजेची लाइन एकच. "गेले होते मी. तीनदा गेले. तो पोरगा चांगला आहे, खुर्ची दिली बसायला. आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. म्हणाला, आंटी, सगळं पास आहे." त्यांनी गॅस बारीक केला. "त्याच्यावर पण कुणीतरी सही केलीच असेल ना. माझ्यासारखीच कुणीतरी. नमुन्यापुरती."

मॅडमनी ओसरीवर ताट नेऊन ठेवलं. भात, डाळ, बोंबील. मामांनी ताट हाताने दूर सरकवलं. चिडून नाही, समजूत घातल्यासारखं. "गाणी नाय झाली," ते म्हणाले. "जेवाचा टाइम नाय झाला अजून." नजर मात्र ताटावरून हलत नव्हती. भूक लागलेली दिसत होती.

मला राहवलं नाही. आत आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही हे सरांना सांगा ना. मामांचं. सर ऐकतील."

मॅडम वळल्या. एवढ्या रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय सांगू? माझा भाऊ असा आहे, दया करा? आणि माझा भाऊ असा नसता तर? मग चाललं असतं? लाल रेष काय बस्त्यावसाठी आखलीय? कुणासाठी आखलीय ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तर आखायची असते! सबनीसने सही न घेता गप्प बसावं, कारण माल खोटा आहे. माझ्या घरात कोण बसलंय म्हणून नाय. त्याच्याकडे हे बोललीस तर बघ."

मी मान हलवली.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, ओसरीच्या दारामागे, मामांना दिसणार नाही अशा जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि घसा खाकरला. मला वाटलं, रडणार.

"श्रोतेहो, नमस्कार," मॅडम म्हणाल्या.

तो त्यांचा आवाज नव्हता. स्वच्छ, गोड, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखा. 'नाय' नाही, 'काय रे' नाही. "दुपारच्या गाण्यांच्या या कार्यक्रमात आपलं स्वागत. सुरुवातीला ऐकू या एक भावगीत." आणि त्यांनी डोळे मिटून गायला सुरुवात केली. सूर बरा होता. मधल्या वाद्यांच्या जागाही त्या तोंडाने वाजवत होत्या, सतारीसकट.

दाराच्या फटीतून मला मामा दिसत होते. त्यांनी रेडिओ खाली ठेवला, हात धुतले, ताट ओढलं.

माझा फोन थरथरला. सबनीस सर. मॅडमनी गाता गाताच डोळे उघडले, मला मागे जायची खूण केली. मी पडवीत गेले.

"झाली सही?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग कधी करतायत?"

"नाही करणार." मग मी म्हटलं, "आणि माझंही नाव त्यावर घालू नका. दोन्ही आलेख जोडले, तर घाला."

"तुला कळतंय ना तू काय बोलतेयस? आणि हे कुजबुजतेयस कशाला?"

"इथे कार्यक्रम चालू आहे, सर," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

मी परत आले तेव्हा मॅडम दुसऱ्या कडव्यात अडकल्या होत्या. एक ओळ विसरल्या, तिच्या जागी पहिल्या कडव्यातलीच घातली आणि तशाच पुढे गेल्या. ओसरीवर बस्त्यावमामांनी घास थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि हसले.

"ही बाय रोज हितंच चुकते," ते म्हणाले, आणि डाळ भातावर ओढून घेतली.