बरणीची जांभई

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव घेतो: दामोदर राऊत, म्हणजे बोळिंजच्या वाडीतले आमचे दामूनाना. नानांना पत्र आलं की ते आधी फोडत नाहीत, हुंगतात. पाकीट नाकाखालून एकदा डावीकडून उजवीकडे नेतात, एकदा उजवीकडून डावीकडे, आणि डोळे मिटून निकाल देतात, "दोन दिवस पोस्टात पडून होतं. आज पोस्टमनच्या पिशवीत बोंबील होते." त्यानंतर चष्म्याची शोधाशोध सुरू होते.

नाना फोन वापरत नाहीत. भाच्याने एक आणून दिला होता. तो त्यांनी हुंगून परत केला. "याला वासच नाय. समोरचा खरं बोलतो का खोटं, कलनार कसं?" त्यामुळे मी चंदनसारला राहतो, मोटारसायकलवर अर्ध्या तासाचं अंतर, तरी नानांना काही महत्त्वाचं कळवायचं असेल तर पोस्टाने कळवतो. माझी बायको म्हणते, "तुमचं पत्र पोचायच्या आत तुम्ही दोनदा जाऊन येता." खरं आहे. पण पत्र पोचायच्या आधी गेलो तर त्याबद्दल बोलायचं नाही, असा आमच्यात नियम आहे.

नानांची वाडी आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढली आहे. मधे तेवढी केळीची हिरवी चौकट उरली आहे, आणि त्या चौकटीत नाना सुकेळी करतात. सुकेळी म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. रंगाला मध, चवीला गूळ, आणि वासाला काय, ते नाना सांगू देत नाहीत. "वासाला वासच म्हनायचं. उपमा द्यायची ती चवीला."

कृती ऐकायला सोपी आहे. घड भट्टीच्या धुरात पिकवायचा. केळी सोलून मांडवावर गवताच्या चटईवर पसरायची. संध्याकाळी ती उन्हाची ऊब असतानाच टोपलीत भरायची, वर जुनं सुती कापड घालायचं आणि रात्रभर घामावर ठेवायची. सकाळी पुन्हा ऊन. अशी सात उन्हं. "मानूस आनि केलं, घामाशिवाय गोड होत नाय," हे नानांचं ब्रीदवाक्य; वाडीच्या बोलीत 'ळ' नाही, केळ्याचंही 'केलं' होतं. इतरांचं काम इथे संपतं. नानांचं इथे सुरू होतं. सुकेळी ते चिनी मातीच्या बरणीत पंधरा दिवस मुरायला ठेवतात आणि रोज सकाळी झाकण थोडा वेळ उघडतात. याला त्यांचा शब्द आहे: बरणीला जांभई देणं. जांभई दिली नाही तर आतला ओलावा आंबतो, फार वेळ दिली तर वास उडून जातो. किती वेळ द्यायची, ते घड्याळाला कळत नाही. नाकाला कळतं.

समोरच्या इमारतीतली एक ताई एकदा मोबाइल घेऊन रील करायला आली होती. नानांनी सगळं करून दाखवलं. शेवटी विचारलं, "बाय, वास आला का त्यात?"

"नाही हो काका, वास कसा येणार?"

"मंग जे दाखवायचं तेच राहिलं की!"

मी जव्हारचा. वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बीएस्सीला वसईच्या कॉलेजात नाव लागलं तेव्हा आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या ओळखीने मी नानांच्या पडवीत राहायला आलो. पहिल्या दिवशी नानांनी मला जवळ बोलावलं आणि शर्टाचा खांदा हुंगला.

"चुलीचा धूर, मोहाचं तेल आनि भीती," ते म्हणाले. "भीती दोन महिन्यांत जाईल. तेल जाऊ देऊ नको."

तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए बीएस्सी!" पदवी मिळायच्या तीन वर्षं आधी त्यांनी ती मला देऊन टाकली होती. नापास होण्याची सोयच ठेवली नाही.

सकाळी कॉलेजला जाण्याआधी माझी परीक्षा व्हायची. डोळे बांधून नाकाखाली एकेक वस्तू. तिसऱ्या उन्हाचं केळं आणि पाचव्या उन्हाचं. आंब्याचा मोहोर, ओली माती, गंजलेली कोयती. चुकलो तर रागावत नसत. खोटं बोललो तर मात्र रागावत. एकदा मी अंदाजाने "पाचवं ऊन" असं ठोकून दिलं. ते बरोबर निघालं, तरी दोन दिवस बोलले नाहीत. "तोंडाने खोटं बोललास तर देव बघून घेईल. नाकाने खोटं बोलायचं नाय."

या विद्येचा उपयोग काय, हे मला पदवीनंतर कळलं. गोखिवऱ्याच्या एका लहानशा अगरबत्ती कारखान्यात मुलाखत होती. मालकांनी वासाच्या कागदी पट्ट्या समोर ठेवल्या. तिसरीला माझ्या आधीची सगळी मुलं "केळं" म्हणाली होती. मी हुंगून म्हणालो, "सर, हे केळं नाही. केळ्याचं सोंग आहे. खऱ्या राजेळीच्या मागून थोडा धूर येतो." मालक हसले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कामावर बोलावलं. तिथे मी आज मिश्रणं तपासतो, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. ती पाटी बघायला नाना आले होते. हुंगून म्हणाले, "रंग अजून ओला हाय. पन नाव पक्कं."

असं हे नाक. आणि तेच गेलं.

दोन वर्षांपूर्वी नानांना मोठा ताप आला. बरे झाले, पुन्हा मांडवावर चढले. माझी पत्रं हुंगत होते, निकाल देत होते. गेल्या हंगामात एका रविवारी मी गेलो तर नानांनी बरणी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "अहाहा! झाली बघ!"

माझ्या नाकात आंबूस सणका गेला. अख्खी बरणी फसली होती.

"नाना, आंबलीत."

"कारखान्यात तुझं नाक बिघडलं, बीएस्सी."

"नाना, आंबलीत."

नानांनी झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. मग पायरीवर बसले. "तापापासून," ते म्हणाले. "सगलं पांढरं झालंय. काय पन येत नाय."

"आणि माझी पत्रं? परवाच्या पत्राला तुम्ही गोखिवऱ्याचा धूर येतोय म्हणालात!"

"पाकिटावर कारखान्याचा पत्ता लिहितोस ना, लेका!"

आम्ही दोघंही हसलो. आधी मी थांबलो, मग ते.

डॉक्टर म्हणाले होते, वास परत येतो कधी कधी, वाट बघा. पण यंदाची जत्रा वाट बघणार नव्हती. गावदेवीच्या जत्रेत सुकेळी करणारे पहिला पुडा देवीपुढे ठेवतात, आणि मग एकमेकांचा पुडा हुंगून त्याचं ऊन सांगतात. नानांचं ऊन चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं. त्यांचे बालमित्र आणि जन्माचे प्रतिस्पर्धी हरीभाऊ पाटील कुंपणावरून ओरडून गेले होते, "दाम्या, आंबलेली केली गाईने पन खाल्ली नाय म्हनं! यंदा बस घरी!" नाना घरी बसले असते तर पुन्हा मांडवावर चढले नसते, हे मला दिसत होतं.

मग आम्ही वाटणी केली. पहाटे मी चंदनसारहून निघायचो, कामावर जाण्याआधी वाडीत पोचायचो. ऊन, घाम, जांभई, सगळं नाकाने मी बघायचो आणि बोटांनी नाना. ते सुकेळं अंगठ्याने दाबून म्हणायचे, "अजून पोटात पानी हाय." मी हुंगून म्हणायचो, "वासानेही हाय." दहाव्या दिवशी मी म्हणालो, "जांभई पुरे, झाकण लावा." नाना म्हणाले, "अजून थोडी." मी झाकण हातातून घेतलं आणि लावलं. नानांनी झाकण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "असंच. मालकाचं पन ऐकायचं नाय."

जत्रेत हरीभाऊंनी आपला पुडा, केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधलेला, सगळ्यांसमोर नानांच्या हातात दिला. "सांग ऊन."

नानांनी सवयीने तो नाकाखालून डावी-उजवीकडे नेला. मी श्वास रोखला. नानांनी सोपट सोडलं, एक सुकेळं अंगठ्याने दाबलं, वाकवलं, कडेला नख लावलं.

"सहा उन्हं," ते म्हणाले. "सातव्याला घाई केलीस, हऱ्या. जत्रा जवल आली म्हनून उचललीस."

हरीभाऊंची बायकोच मागून ओरडली, "मी सांगत होती यांना!" सगळी जत्रा हसली.

मग हरीभाऊंनी आमचा पुडा सोडला. हुंगला. पुन्हा हुंगला. पुडा शेजाऱ्याकडे जायला हवा होता, तो त्यांच्या हातातून सुटेना. शेवटी म्हणाले, "सात. पन दाम्या, हे तुझ्या नेहमीच्यापेक्षा वर गेलंय. काय केलंस?"

नानांना गप्प राहता आलं असतं. त्यांनी मला पुढे ओढलं. "माझं नाक दोन वर्सं बंद हाय. ह्ये नाक याचं. जव्हारचं. आमचा बीएस्सी." आणि हरीभाऊंना म्हणाले, "आता चिडव." हरीभाऊंनी चिडवलं नाही. त्यांनी देवीपुढचा मानाचा नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

माझ्या पदवीदान समारंभाला आईवडील येऊ शकले नव्हते. त्या दिवशी जत्रेत मला वाटलं, आज तो समारंभ झाला.

वाडीत परतल्यावर नाना मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कोपऱ्यात सर्वांत मोठी बरणी असते, तोंडाला फडकं बांधलेली. मी तिथे राहायचो तेव्हा तिला हात लावायची मनाई होती. मला वाटायचं, आत एखादं खास विरजण असेल.

"आत तिचं लुगडं हाय," नाना म्हणाले. काकू, म्हणजे नानांची बायको, मी यायच्या आधीच गेल्या होत्या. "गेली तेव्हा ठेवलं. वर्सातनं एकदा जांभई द्यायचो, तीन श्वासांची. ताप गेल्यावर उघडलं, काय आलं नाय. माझं नाक गेलं का ती गेली, कलेना. तेव्हापासून उघडलं नाय."

मी फडक्याची गाठ सोडायला वाकलो.

"इथं नको. घरी ने. तोंडावर काय सांगू नको मला. लिहून पाठव. आनि बीएस्सी..."

"नाकाने खोटं बोलणार नाही, नाना."

बरणी मी पोटाशी धरून रिक्षाने आणली. दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं.

*

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी कारखान्यात न जाता, अंघोळ करून, साबण न लावता, बरणी उघडली. तीन श्वास घेतले. चौथा घेतला नाही.

पहिल्या श्वासात बरणीचा स्वतःचा वास आला, चिनी मातीचा. दुसऱ्यात धूर आला, आपल्या भट्टीचा, आणि सुती कापडाचा. राजेळीही आली, पण ती पदरालाच आहे. काकू पदराने हात पुसत असाव्यात.

तिसऱ्या श्वासात एक वास आला तो मला ओळखता आला नाही. तो केळ्याचा नाही, धुराचा नाही, उन्हाचा नाही, साबणाचा नाही, कापराचा नाही. तुम्ही शिकवलेले सगळे वास मी एकेक करून लावून पाहिले. एकही बसला नाही. हा तुम्ही मला कधी शिकवला नव्हता.

म्हणजे नाना, तुमचं नाक गेलं आहे. त्या गेलेल्या नाहीत.

झाकण घट्ट लावून, फडक्याला तुमचीच गाठ मारून बरणी रविवारी आणतो. राहिलेल्या जांभया तुमच्या नाकाच्या आहेत. त्या मी घेणार नाही.

हे पाकीट हुंगायला विसरू नका. रोज हुंगा, पत्ता न बघता.

आपला,
बीएस्सी