ड्रायव्हरच्या मागची जागा

तीन बोर्डिंग पास हातात पडले आणि ज्योत्स्नानं त्यांवरचे नंबर पाहिले. तिची जागा चार नंबरच्या ओळीत, सासूबाईंची नवव्या आणि तीन वर्षांच्या संघपालची थेट सतराव्या. हा संघपाल म्हणजे आई न्हाणीत गेली तरी दाराबाहेर बसून गळा काढणारा गडी. अमरावतीहून मुंबईला, बापाकडं, पहिल्यांदाच विमानानं निघाला होता.

"हे लेकरू एकटं कसं बसन?" तिनं काउंटरवर विचारलं.

"सिस्टिमनं दिल्यात मॅडम. आत विचारून बघा, कोणी बदलून देतं का," काउंटरवरची मुलगी गोड हसली. कंपनीचं हसू तेवढं घरच्या सगळ्यांना सोबत मिळतं.

सासूबाई, म्हणजे चतुराबाई, अकोटच्या एसटी स्टँडवर तयार झालेल्या. सून डोळे का पुसते हेच त्यांना कळेना.

"काहून रडून राहिली वं? जागा धरता येत नाही काय?"

"आत्याबाई, हे विमान हाये."

"मंग? विमानात जागा नसतात काय?"

तेवढ्यात पुकारा झाला: लहान मुलं असणाऱ्यांनी आधी चढावं. ही रीत चतुराबाईंना फार आवडली. एसटीत लेकराला खिडकीतून आत ढकलावं लागतं, इथं माणसं हात धरून नेत होती. ज्योत्स्ना टोपी, बाटली, खेळणं गोळा करेपर्यंत म्हातारी नातवाला कडेवर घेऊन पुढं गेलीसुद्धा. सून आत पोचली तेव्हा दुसऱ्या ओळीत खिडकीच्या सीटवर रुमाल होता, शेजारच्या सीटवर थैली आणि वाटेच्या पलीकडं नातवासकट चतुराबाई.

"ड्रायव्हरच्या मागची धरली. इथं हादरे लागत नाहीत."

ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती थैली उचलणार तोच खिडकीचे खरे मालक आले, अकोल्याचे शालिकरामजी. त्यांनी पास पाहिला, नंबर पाहिला आणि मग रुमाल पाहिला.

"धरलेली हाये का?"

"हाव भाऊ, धरलेली हाये."

"बरं बरं." आणि माणूस मुकाट्यानं मागं चालू लागला. पासावर काय छापलंय ते ठीक, पण दुसऱ्याच्या रुमालावर कोण बसतो?

थैलीच्या सीटवाल्यानंही थैली पाहिली आणि तो बाराव्या ओळीत साडूजवळ जाऊन बसला. साडूशेजारची बाई आली, ती पाचवीत बसली. धरलेलं चालतं म्हटल्यावर एकीनं मागून येणाऱ्या बहिणीसाठी दुपट्टा टाकला. बघता बघता अर्ध्या विमानात कापडं पसरली.

हवाई सुंदरीनं कपाळाला हात लावला. "ज्यांची सीट चुकली आहे त्यांनी कृपया उठावं."

कोणीच उठलं नाही. चुकलेली कोणाचीच नव्हती. जिथं रुमाल दिसला नाही तिथं जो तो बसला होता.

"आमी बसून राहिलो ना बाई," मागून कोणी म्हणालं, "तू गाडी काढाले सांग."

आता आपल्याला उतरवणार, म्हणून ज्योत्स्नानं संघपालला घट्ट धरलं. पुढचं दार उघडून पायलट डोकावला.

"कोणी उभं आहे का?"

"नाही सर."

"मग निघू या."

विमान वर गेलं. खिडकीशी पट्टा बांधून बसलेला संघपाल ढग पाहून खिदळला आणि ज्योत्स्नाच्या जिवात जीव आला. "आत्याबाई, तुमी होत्या म्हणून निभलं," एवढं म्हणेस्तोवर तिला डुलकी लागली. आठ दिवस झोप नव्हती बिचारीला.

जाग आली तर शेजारची सीट रिकामी. ती धडपडत उठली आणि एकेक ओळ पाहत मागं गेली. पार मागं शालिकरामजी पुडीतल्या भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या मांडीवर, तोंडात अर्धा दाणा धरून, संघपाल गाढ झोपला होता. आईची आठवण म्हणून नाही त्याला. तिनं मुलाला उचलायला हात पुढं केले.

"राहू द्या ताई, आत्ताच झोपला," शालिकरामजी कुजबुजले.

ज्योत्स्नानं वरचा सतरा नंबर वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि परत आली. खिडकीच्या सीटवर बसून तिनं कितीतरी दिवसांनी पाय लांब केले.

"सापडला काय वं?" चतुराबाईंनी विचारलं.

"हाव आत्याबाई. कंपनीनं दिलेल्या जाग्यावर जाऊन झोपला."