दाब, धर, सोड

"आज आणलीत तरी बुधवारच्या आत गाडी मिळायची नाही," असं गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं आणि उघड्या बॉनेटसमोर उभ्या असलेल्या माहितीरावांच्या अंगात एकाएकी वीरश्री संचारली.

माहितीराव हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते सासरच्या मंडळींनी ठेवलेलं. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहायचे. टोस्टर, गीझर, कपडे धुण्याचं यंत्र, काहीही घ्या, त्या खोक्यात वरच ठेवलेलं आणि कुणीही न वाचलेलं जे पुस्तक असतं ना, ते यांचं. त्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर ते ठळक अक्षरांत लिहीत, 'दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.' आणि गंमत अशी, की या वाक्यावर त्यांचा स्वतःचा काडीचाही विश्वास नव्हता. ते वाक्य कंपनीचे वकील घालायला लावतात, खरं म्हणजे नट फिरवायचे तीन पाने आणि एक फडकं असलं की माणूस काहीही उघडू शकतो, हे त्यांचं गुप्त मत. आजवर त्यांनी स्वतः काही उघडलं नव्हतं म्हणून ते मत टिकून होतं, एवढंच.

"अगं, सेन्सर गळतोय फक्त," त्यांनी वर येऊन बायकोला सांगितलं. "ब्रेकचं ऑइल किती दाबाने चाललंय ते बघणारं एक बोटभर यंत्र असतं. जुनं काढायचं, नवीन बसवायचं. बल्ब बदलतो तसं."

"परवा बल्ब बदललात तेव्हा सगळ्या घराचे दिवे गेले होते," बायको म्हणाली.

"ती वायरिंगची चूक होती."

"अहो, सोमवारी माझी टेस्ट आहे. उगाच काही करून ठेवू नका."

खरी मेख तिथेच होती. बायको फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिला रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करण्याचं नवं काम देणार होत्या. ते काम तिला मनापासून हवं होतं, पण त्यासाठी गाडी चालवण्याचं लायसन्स लागणार होतं. टेस्टमध्ये ती दोनदा नापास झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सोमवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. त्यानंतर ते काम दुसरीला जाणार होतं आणि त्या दुसरीकडे लायसन्स होतं. आता सोमवारी गाडीच नसेल, तर पास व्हायचा प्रश्नच मिटला. म्हणून माहितीरावांनी दुकानातून नवा सेन्सर आणला, ऑइलचा डबा आणला, आणि शनिवारी सकाळी जुना शर्ट चढवून ते खाली उतरले.

सुरुवात झोकात झाली. वायरचा प्लग निघाला. पाना बसला. सेन्सर जरा कुरकुरला, मग फिरला, मग हातात आला. आणि तो जिथून आला त्या भोकातून ऑइल टपाटपा गळायला लागलं. माहितीरावांनी क्षणाचाही विलंब न लावता भोकावर बोट दाबलं. धार थांबली. स्वतःच्या प्रसंगावधानाचं त्यांना कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, की नवा सेन्सर वर जेवणाच्या टेबलावर राहिलाय. फोनही तिथेच.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली. खिडकी बंद होती. त्यांनी पुन्हा मारली, मग आणखी मोठ्याने. आता सगळ्या इमारतीला ती ऐकू गेली, फक्त बायकोला नाही. जिन्यावरून वरच्या मजल्यावरचे काका मात्र लगबगीने उतरले. काकांना दुसऱ्याचं काम बघत उभं राहण्याची फार हौस.

"काय, गाडी बघताय?"

"हो," माहितीराव म्हणाले. बोट भोकावर, कोपर बॅटरीवर, गाल जवळजवळ बॉनेटला टेकलेला. "सहज."

"काही बिघाड?"

"छे छे. नेहमीची देखभाल."

"मग असं वाकडं होऊन काय करताय?"

इथे खरं सांगून टाकलं असतं तर काम झालं असतं. पण 'माझं बोट अडकलंय, वरून सेन्सर आणून द्या' हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. ते म्हणाले, "तापमान बघतोय." काकांनी मान डोलावली आणि आपल्या पहिल्या गाडीची गोष्ट सुरू केली. त्या गोष्टीत गाडी विकत घेण्यापर्यंतच बराच वेळ गेला. माहितीरावांच्या बोटाला मुंग्या आल्या, मानेला रग लागली, नाकाला खाज सुटली. शेवटी बायको कपडे वाळत घालायला बाल्कनीत आली आणि तिने खाली पाहिलं.

"अहो, टेबलावर काहीतरी राहिलंय तुमचं. लागणार आहे का ते?"

"आण!" माहितीराव असे काही ओरडले, की काकांची गोष्ट जागच्या जागी थांबली.

सेन्सर आला. बोट काढून तो बसवेपर्यंत बरंचसं ऑइल गाडीच्या बाजूच्या पत्र्यावर सांडलं, पण बसला एकदाचा. पाना आवळला, प्लग लावला, बॉनेटखाली ब्रेकच्या ऑइलची डबी असते तीत ऑइल भरलं. माहितीराव हात पुसत ऐटीत गाडीत बसले आणि ब्रेक दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं.

"लागला का ब्रेक?" बायकोने विचारलं.

"लागेल," माहितीराव म्हणाले. त्यांचा चेहरा साफ पडला होता.

वर जाऊन फोनवर व्हिडिओ बघितल्यावर उलगडा झाला. भोक उघडं असताना आत हवा शिरली होती. ती काढायची तर चाकामागचा छोटा नट सैल करून तिथून हवा आणि ऑइल बाहेर घालवायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने नट उघडून बंद करायचा, आणि नट बंद झाल्याशिवाय पेडल अजिबात सोडायचं नाही. सोडलं तर पुन्हा हवा आत. म्हणजे हे दोघांचं काम. तेही एकमेकांचं ऐकणाऱ्या दोघांचं. इथे या घरातला मूळ बिघाड उघडा पडला.

बायको ड्रायव्हरच्या जागी बसली. माहितीराव मागच्या चाकाशी उकिडवे बसले. डबीतलं ऑइल संपतंय का यावर लक्ष ठेवायचं काम काकांकडे आलं.

"नीट ऐक," माहितीरावांनी सुरुवात केली. "सर्वप्रथम पेडल संथ गतीने पूर्णपणे खाली दाबावं, आणि पुढील सूचना मिळेपर्यंत त्याच स्थितीत—"

"दाबू का?"

"वाक्य संपू दे!"

"अहो, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा पाय आखडेल. एकेक शब्द सांगा."

तेव्हा ठरलं, दाब, धर, सोड. "दाब!" माहितीराव ओरडले. तिने दाबलं. "धर!" नट उघडला, फुसफुसत ऑइल आलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि तिचा पाय आपोआप उठला. हवा सुर्रकन आत गेली.

"सोडलंस कशाला? मी सोड म्हटलं होतं का?"

"दचकले मी!"

"रस्त्यात फोन वाजला तर असाच सोडणार आहेस का ब्रेक?"

 पुन्हा दाब, पुन्हा धर. आता तिने इतकं जोरात धरलं की सोड म्हटलं तरी सोडेना. मग 'सोड'च्या आधीच सोडलं. मग दोघांनीही सगळं बिनचूक केलं आणि तरीही नटातून नुसती हवाच फुसफुसू लागली. माहितीरावांनी पुढे येऊन बघितलं, तर ऑइलची डबी ठणठणीत कोरडी.

"काका! डबी रिकामी झाली की हो!"

"झाली ना," काका समाधानाने म्हणाले. "मगाशीच झाली. रिकामीच करायची होती ना?"

म्हणजे आता सगळीकडे हवाच हवा. माहितीरावांनी कपाळाला हात लावला. कपाळही ऑइलने माखलं. डबा पुन्हा आणला, डबी पुन्हा भरली. दुपार कलली. 'दाब! धर! अगं धर म्हणतोय ना! आता सोड! सोड म्हणजे सोड!' हा गजर इतका चालला, की समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी खिडकीतून विचारलं, कुणाला बाळंतपणाला नेताय का, गाडी पाठवू का आमची?

बायको खाली उतरली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता.

"आता तुम्ही बसा आत. नट मी बघते."

"तुला जमणार नाही."

"तुम्हाला तरी कुठे जमतंय?"

 माहितीराव गाडीत जाऊन बसले. मागून हुकूम आला, "दाबा." त्यांनी दाबलं. "एवढं जोरात नाही! हळू! धरा. धरलंय का? मग हलताय कशाला? मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही! उचललात? कोणी सांगितलं उचलायला? डोळे कुठे होते तुमचे?"

माहितीराव पार गोंधळून गेले. आवाज मागून येत होता, आपण काय चुकलो ते दिसत नव्हतं, आणि पुढचा शब्द येण्याआधीच पाय उचलला जायचा. उजवा पाय कुठला आणि डावा कुठला, हेही त्यांना क्षणभर आठवेना. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळे शब्द आपलेच. डोळे कुठे होते, कोणी सांगितलं, हळू म्हटलं ना. रोज संध्याकाळी तिला गाडी शिकवताना शेजारी बसून ते हेच ओरडत होते. बाई दोनदा नापास झाली यात नवल नाही, दोनदाच झाली हेच नवल. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पुढचे सगळे हुकूम त्यांनी शाळेतल्या पोरासारखे मुकाट पाळले.

आणि हवा निघाली. पेडल घट्ट झालं, खणखणीत. नव्या सेन्सरपाशी एक थेंबही दिसेना. अंगणात हळूहळू चालवून पाहिली, जिथल्या तिथे थांबली. काकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने हात धुतले आणि वर जाता जाता म्हणाली, "प्रशिक्षित तंत्रज्ञ." कुणाला म्हणाली, ते विचारायची माहितीरावांची हिंमत झाली नाही. रविवारी पत्र्यावरचा रंग जिथे ऑइल सांडलं होतं तिथे पापडासारखा फुगला, पण त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

सोमवारी सकाळी टेस्टच्या मैदानाकडे जाताना ती चालवत होती आणि माहितीराव शेजारी बसले होते. त्यांनी मनाशी निश्चय केला होता. आज एक शब्द बोलायचा नाही. काही झालं तरी नाही. तिने पहिलं वळण घेतलं, त्यांनी दातांवर दात रोवले. सिग्नलला तिने जरा उशिरा ब्रेक दाबला, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. परत पाहिलं. पुढच्या चौकात तिने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, खरं सांगा. ब्रेक लागत नाहीयेत ना?"

"लागताहेत की! आताच तर थांबलीस!"

"मग असे मूग गिळून का बसलात? मगाशी तो सायकलवाला मध्ये आला तरी काही बोलला नाहीत. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, यांना काहीतरी कळलंय आणि हे देवाचं नाव घेत बसलेत."

"मी गप्प बसायचं ठरवलंय," माहितीराव कसेबसे म्हणाले. "शनिवारी तू ओरडत होतीस ना, तेव्हा मला कळलं, मी काय करतो तुझ्याशी ते. चुकलं माझं. तुझं काम गेलं तर ते माझ्यामुळे जाईल."

तिने कपाळावरचा घाम पुसला. मग हसली. "अहो, आजच कशाला हे? तुम्ही ओरडत असलात की मला कळतं, सगळं नेहमीसारखं आहे. बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

"आरसा बघ," माहितीराव चाचरत म्हणाले.

"जरा मोठ्याने."

"आरसा बघ! किती वेळा सांगायचं!"

"हां," ती म्हणाली आणि गाडी सुरळीत निघाली.

मैदानावर परीक्षा घेणारे साहेब म्हणजे अगदी मितभाषी गृहस्थ. हातात कागद, चष्मा नाकावर, तोंडातून शब्द नाही. ते शेजारी बसले, दार लावलं, गाडी गेली. माहितीराव झाडाखाली उभे राहिले. गाडी मैदानाच्या टोकाशी एकदा आचका देऊन बंद पडली तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती पुन्हा सुरू झाली आणि वळणं घेत, मागे येत, बरोबर रेषेवर येऊन उभी राहिली. साहेब उतरले आणि सरळ माहितीरावांकडे आले.

"तुम्ही यांचे मिस्टर?"

"हो. नापास?"

"पास. पण एक विचारायचं होतं. गाडी बंद पडल्यावर बाई मला म्हणाल्या, साहेब, तुम्ही मध्येमध्ये जरा ओरडाल का? इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असं कुणी मागितलं नव्हतं."

"मग?" माहितीरावांनी मान खाली घालून विचारलं.

"ओरडलो की. पुढे झकास चालवली त्यांनी." साहेब घुटमळले. "मलाही बरं वाटलं. आमच्या घरी मला ओरडायला मिळत नाही."

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलता बोलता तिला हसू आणि रडू दोन्ही येत होतं, आणि माहितीराव शेजारी उभे राहून उगाचच रुमालाने गाडीचा आरसा पुसत होते. काम तिचं झालं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

परतीच्या रस्त्याला तीच चालवायला बसली. थोडं पुढे गेल्यावर एक ट्रक गल्लीतून तोंड बाहेर काढत होता. माहितीरावांना तो दिसला. आता आपलं ओरडणं हवंसं असतं, हे त्यांना अधिकृतपणे कळलेलं होतं, म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अगदी मोकळ्या मनाने सुरुवात केली, "अगं, ट्रक! ब्रेक! डोळे कुठे—"

गाडी हळुवारपणे थांबली. ट्रक निघून गेला.

"अहो," बायको गोड आवाजात म्हणाली, "आता गप्प बसायला हरकत नाही. आता माझ्याकडे लायसन्स आहे."