तिकिटावरचा तबलजी

आमचे शेजारी बापूराव पोस्टमनला दारातूनच हाकलत. पत्र कुणाचं हे बघायच्या आधी ते तिकीट बघत. एक ठरावीक नवं तिकीट दिसलं की ओरडत, "नी चइये! वापस ले जाओ, भिया!"

पोस्टमन देवासभर सांगत सुटला, "बाबूजी सटक गए हैं." सटकले नव्हते हो, चिडले होते! रेडिओवरच्या एका प्रसिद्ध गवयाला चित्रं काढायचा नाद. त्याचं एक चित्र टपाल खात्यानं त्या नव्या तिकिटावर छापलं होतं: गाणारा गवई आणि शेजारी पाठमोरा तबलजी. गावाला कोण कौतुक! कारण गवई मूळचा इथल्या दरबारचा. आणि त्याच्या साथीला वर्षानुवर्षं कोण बसलं? आमचे बापूराव.

संस्थान गेलं, दरबार उठला. गवई मुंबईला निघाला. "जम बसला की बोलावतो," म्हणाला. बापूराव तबल्याची जोडी बांधून तयार राहिले. बोलावणं काही आलं नाही. शेवटी बिचारे धान्याच्या दुकानात बसू लागले.

"मला विसरला ते विसरला," ते माझ्या ओट्यावर येऊन तणतणत, "वर मुंबईचा कोण तो नवा तबलजी, त्याला देशभर मिरवतो! अन् मी ते घरात घेऊ, वहिनी?"

"मुळीच नका घेऊ!" मी म्हणे. त्या गवयाचा मलाही संतापच यायचा.

पण एके सकाळी त्यांनी कहर केला. धारहून त्यांच्या लेकीचं पाकीट आलं. पोर पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच. पाकिटावर तेच तिकीट. या बाबानं परत केलं! मी पोळ्या टाकून धावले आणि पिठाच्या हातानं पोस्टमनकडून ते हिसकावलं.

"शरम वाटते का काही? लेक तिकडे जिवावरचं दुखणं घेऊन बसलीय आणि तुम्हाला तिकिटाचं पडलंय? असं आहे तरी काय त्यात? बघू दे मला!"

मी तिकीट डोळ्यांशी धरलं. तबलजीचा उजवा हात डग्ग्यावर होता. सारं जग डग्गा डाव्या हाताला ठेवतं. बापूराव डावखुरे, त्यांची जोडी उलटी मांडलेली. दरबारात त्यावरून त्यांची केवढी थट्टा व्हायची!

"बापूराव, हे जवळून पाहिलंत कधी?"

"माझं खेटर पाहतंय!"

"अहो, डग्गा उजव्या हाताखाली आहे. तुमच्याशिवाय असं कोण बसतं?"

त्यांनी पाकीट घेतलं आणि ओट्याच्या कडेला उजेडात धरलं. नाक पार तिकिटाला टेकवलं.

"मी इतकी मान वाकवत नव्हतो," अखेर ते रागानंच म्हणाले. "गाढवाला चित्र काढता येत नाही अजून."

मग त्यांनी पाकीट माझ्यापुढे केलं.

"लेकीचं पत्र तुम्हीच वाचा, वहिनी. मला काही दिसत नाहीये."