टिपिकल घराचं धुणं

आपल्या घरात जगावेगळं काही नाही, यावर काकू कुणाशीही पैज लावायला तयार होत्या. म्हणून तर वॉशिंग मशीनच्या कंपनीचं पत्र आल्या दिवशीच त्यांनी मोरीतली जागा मोजून ठेवली. नवं मशीन वर्षभर वापरून बघायला कंपनीला एक 'टिपिकल घर' हवं होतं. वर्ष संपलं की मशीन त्या घराचंच! पंचवीस वर्षं धुणं घासून काकूंची मनगटं जुन्या दारासारखी कुरकुरत होती.

"अहो, टिपिकल म्हणजे नक्की काय?"

"ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही ते," पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढलेले काका म्हणाले. "म्हणजे मी."

कंपनीच्या पाहणीच्या आदल्या दिवशी मात्र काकूंनी परक्या नजरेने घराकडे पाहिलं. काकांनी दुरुस्तीला घेतलेली गजराची एकोणीस घड्याळं भिंतीशी ओळीने बसलेली, एकाची वेळ दुसऱ्याला मान्य नाही. सासूबाई सासऱ्यांचा जुना कोट चढवून टीव्हीवर कुस्त्या बघत होत्या. काकूंनी घड्याळं ट्रंकेत भरून पलंगाखाली ढकलली. कोट सासूबाईंच्या अंगावरून उतरवून धुतला. मग हात ओले झालेच आहेत म्हणून चादरी, पडदे, पायपुसणीसुद्धा धुतली.

सकाळी पाहणीवाल्या बाई आल्या. त्यांनी लखलखत्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून वजनकाटा काढला आणि म्हणाल्या, "मळके कपडे आणा. टिपिकल घरात धुणं किती साठतं, तेवढंच बघायचंय."

घरात मळका रुमालसुद्धा नव्हता. काकू मागच्या दाराने शेजारच्या गॅरेजवालीकडे धावल्या. काही न विचारता तिने सापडलं ते गाठोडं हातात दिलं.

बाईंनी त्यातून ऑइलने काळ्याकुट्ट झालेल्या चार पँटी चिमटीत धरून काढल्या. घरात दुरुस्तीची कामं कोण करतं, असं विचारल्यावर काकूंनी काकांकडे बोट दाखवलं. काय दुरुस्त करता, या प्रश्नावर काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "घड्याळं."

तेवढ्यात पलंगाखाली एक गजर वाजला. मग दुसरा. मग ट्रंक अंगात आल्यासारखी थरथरू लागली. त्या गोंगाटात सासूबाई टेबलक्लॉथ पांघरून बाहेर आल्या आणि माझा कोट वाळला का, म्हणून विचारू लागल्या. मागच्या दारातून गॅरेजवाली डोकावली. "काकू, एक पँट परत द्या हो. हे घरात नुसत्या टॉवेलवर बसलेत."

काकूंनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उरलेलं धुणं मोजायला त्या सरळ गॅरेजवालीकडे गेल्या आणि मशीनही तिथेच गेलं.

आठवड्याने पत्र आलं: 'आपले घर असाधारण असल्याने निवड करता येत नाही.' काकूंना जन्मात कुणी असाधारण म्हटलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग काकांना मोठ्याने वाचायला लावलं आणि साड्यांच्या घडीत जपून ठेवलं.

आता दर सोमवारी त्या आपलं गाठोडं घेऊन गॅरेजवालीकडे जातात. तिने आपण होऊन बोलावलंय. तिची अट एकच, आणि तीही पहिल्या सोमवारचं गाठोडं उघडून बघितल्यावर घातलेली: कपडे घरून धुऊन आणायचे नाहीत.