चार्लटनाने ओ दिली, त्याची हकिकत

स्वस्ति श्री. ढगांचे छत्र ज्यावर अष्टौप्रहर, मेंढरांची दौलत ज्याच्या टेकडोटेकडी, आणि शेजारी इंग्रज असोनही जो अद्याप शाबूत, ऐशा स्कॉटलंड मुलखाच्या दक्षिण सरहद्दीवरील थ्रॉनबर्न कसबियाची ही हकिकत. 'थ्रॉन' म्हणजे तिकडील बोलीत हेकट. मोडेन पण वाकणार नाही, आणि मोडल्यावरही माझेच बरोबर होते म्हणेन, ऐसा जो स्वभाव तो थ्रॉन. कसबियास हे नाव कोणी ठेविले ते ठाऊक नाही, परंतु ठेवणारा गावचाच जाणता असावा.

पूर्वी स्कॉटांचा राजा फौजेसह इंग्रजांवर चालोन गेला आणि फ्लॉडनच्या माळावर सरदारांसुद्धा कामास आला, ते समयी थ्रॉनबर्नची तरणी पोरे घरी परतली नाहीत. मग गाव पोरके पाहोन सरहद्दीपलीकडील चार्लटन नामे गनीम चालोन आला आणि तमाम गायी हाकोन घेऊन गेला. तेव्हापासोन दरसाल जून महिन्यात गावाने घोडियांवर बसोन आपली हद्द फिरावी, हद्दीच्या दर धोंडियास निशाण टेकवावे, आणि शेवटल्या धोंडियापाशी चार्लटनाच्या नावे तीन वेळा पुकारा करावा, ऐसा दंडक पडला. पुढे उमरावांनी एडिंबराचे पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात बुडविले, तरी स्वारी निघाली. समुद्रापलीकडून शहाजादा तख्त मागावयास आला आणि हात हलवीत गेला, तरी निघाली. जमीनदारांनी गावची गायराने कुंपणांत घातली, तेव्हां कुंपणे मोडोन निघाली. लोकरीच्या गिरण्या उघडल्या आणि बंद जाहल्या, आणि स्कॉटांनी स्वतंत्र व्हावे की न व्हावे याचा कौल घेतला तेव्हां घरोघरी बापलेकांत अबोला जाहला, तरी जूनमध्ये तेच बापलेक शेजारी शेजारी घोडे हाकीत होते, आणि बोलत मात्र घोडियांशी होते.

ऐशियास यंदा नवल ऐसे वर्तले की, निशाणदारीचा मान, ज्याच्या धन्यास तिकडे कॉर्नेट म्हणतात, तो एल्स्पेथ टर्नबुल नामे मुलीस मिळाला. वय चोविशीचे, धंदा नळदुरुस्तीचा, आणि गावातील निम्म्या मोऱ्या तिच्या उपकाराने वाहत्या. पाचशे वर्षांत बाईमाणसाने त्या निशाणास हात लाविला होता तो फक्त धुवावयास. यास्तव हयात कॉर्नेटांत सर्वांत वडील, पुकारियाचे हक्कदार, राजश्री वॅट रदरफर्ड यांनी भर सभेत फर्माविले की, "निशाण पोरीच्या हातात गेलं, की हद्द मोडलीच समजा." आणि दंडक तर ऐसा की, दुपारच्या घंटेआधी निशाण चौकात परत न आले तर फेरा मोडला, आणि मोडलेल्या फेरियाच्या कॉर्नेटाचे नाव सभागृहाच्या फळीवर चढो नये. त्या फळीवर एल्स्पेथचा बाप होता, चुलता होता, पणजा होता. आपलेही नाव तेथे असावे, याहून मोठे काही तिने आयुष्यात मागितले नव्हते.

मग जूनचा शुक्रवार उजाडला आणि उन्हाळियाच्या रिवाजाप्रमाणे पाऊस लागला. नौबतीच्या जागी पिपाण्या वाजल्या, आणि एल्स्पेथ डंपलिंग नामे घोडियावर आरूढ जाहली. घोडा पोटाने थोर, चालीने सावकाश, आणि खाण्याच्या कामी मोठा रणशूर. मागे तमाम स्वारांचा जमाव, आणि जमावात वॅट रदरफर्ड, तोंड ऐसे की जणू आपल्याच मयतीस निघाले. मग फौजेने कूच केले आणि टेकडी घेतली, ओढा उतरला, सुपरमार्केटाच्या मोटारतळावर चाल करोन तेथील धोंडियास निशाण लाविले, आणि सामानाच्या ढकलगाड्या दाणादाण होऊन बाजूस जाहल्या. एल्स्पेथने कोठे चूक म्हणोन केली नाही. वॅट चूक शोधून शोधून थकले आणि सँडविच खाऊ लागले.

शेवटला धोंडा एका बंगलीच्या परसात. तेथे गत हिवाळियात कथबर्ट चार्लटन नामे निवृत्त दंतवैद्य सरहद्दीपलीकडील नॉर्थम्बरलंडातून बायकोसह राहावयास आले होते. हे टपालवालियास ठाऊक, दूधवालियास ठाऊक, सर्व गावास ठाऊक. परंतु त्या नावाचा आणि पुकारियाचा मेळ कोणी घातला नाही, कारण पुकारियातला चार्लटन हा गावाच्या लेखी माणूस नव्हता, तो रिवाज होता. फाटक उघडेच होते. मग एल्स्पेथने धोंडियास निशाण लाविले, आणि वॅट यांनी छाती भरोन पुकारा केला:

"आहे का कोणी चार्लटन, जो या हद्दीस हरकत घेईल?"

एकदा जाहला, दुसऱ्यांदा जाहला. तिसऱ्या पुकारियास स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला, "अहो, मघापासून तुम्हालाच हाका मारताहेत. ओ तरी द्या, बरं दिसत नाही." आणि दार उघडोन खुद्द चार्लटन, पायी सपाता, हाती चहाचा पेला, अंगणात दाखल जाहले.

"आहे, आहे. मीच चार्लटन. काय काम काढलंत?"

पाचशे वर्षे विचारिले, कोणी ओ दिली नव्हती. आणि ओ दिल्यास पुढे काय बोलावे, हे पुकारा करणारासही ठाऊक नव्हते. वॅट यांचा चेहरा प्रथम पांढरा पडला, मग लाल जाहला, मग जुना दंडक आठवोन त्यावर हळूच तेज आले. आणि त्यांनी फर्माविले की, दंडक ऐसा, चार्लटन हाजीर जाहल्यास त्याचा जाब घेतल्याविना निशाण जागचे हलो नये. सबब चार्लटनाने हार कबूल करावी, नाहीतर फेरा येथेच मोडला.

"हरलो म्हणू?" चार्लटन म्हणाले. "अहो, पण मी खेळलो कधी?"

"तुमच्या पूर्वजांनी आमच्या गायी नेल्या!" वॅट गरजले.

"मग जिंकलो म्हणायला हवं की."

यावर मागले स्वार हसले, आणि वॅट यांनी मागे वळोन पाहताच खोकू लागले. तिकडे देवळाच्या घड्याळाचा मोठा काटा वर चढत चालला होता. एल्स्पेथ पायउतार जाहली आणि चार्लटनांपाशी जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "काका, एक शब्द तर म्हणायचा आहे. तुमचं काय जातं?"

"माझं नाव जातं, बाळ. खरं सांग, तू म्हटला असतास हा शब्द?"

एल्स्पेथच्या जिभेवर 'हो' आले होते. परंतु खोटे तिला साधले नाही, आणि ती म्हणाली, "मेले तरी नाही."

"झालं तर मग," म्हणोन चार्लटन चहा पिऊ लागले, आणि हा इंग्रज जन्माने थ्रॉनबर्नचा नसला तरी वृत्तीने थ्रॉनबर्नचाच, हे तिने ओळखिले.

इतकियात महान अनर्थ जाहला. धनीण उतरली आणि लगाम सैल पडला, हे पाहोन डंपलिंगाने धोंडियामागील वाफियावर छापा घातला. वाफियात लीक होते, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. नॉर्थम्बरलंडात त्याची उस्तवार पोटच्या पोरासारखी करितात आणि प्रदर्शनात बक्षिसासाठी मांडितात. त्यांतला सर्वांत मातबर, मनगटाएवढा, घोडियाने मुळासकट उपटिला आणि पाती तोंडात धरोन मोठिया समाधानाने चावू लागला.

"माझा लीक!" चार्लटनांच्या हातचा पेला पडला. "अगं विनी, धाव! लुटलं मला! टर्नबुलांनी लुटलं!"

एल्स्पेथ शरमेने पाणी पाणी जाहली आणि धावोन घोडियाच्या तोंडून लीक सोडवू लागली. पाती गेली, पांढरा बुंधा हाती आला, चिखल निशाणावर उडाला. तो बुंधा हाती धरोन उभी असता तिच्या ध्यानी आले की, अख्खी फौज डोळे विस्फारोन पाहते आहे, आणि ते पाहणे रागाचे नव्हे. पाचशे वर्षांत गावाच्या हकिकतीत चार्लटनांनी लुटावे आणि गावाने रडावे एवढेच होते. आज प्रथमच चार्लटन रडत होता.

मग तिने पाठ ताठ केली आणि मोठियाने विचारिले, "वॅटआजोबा, दंडकात 'हार' आहे, की 'जाब'?"

वॅट यांनी दाढी खाजविली. माणूस हेकट, परंतु लबाड नव्हे. "जाब," ते म्हणाले.

"काका, तुम्ही आमच्या गायी नेल्यात. आमच्या घोड्यानं तुमचा लीक खाल्ला. हरलो म्हणू नका. फिटंफाट झाली, एवढं म्हणाल?"

चार्लटनांनी बुंधियाकडे पाहिले, घोडियाकडे पाहिले. "किती गायी होत्या?"

"गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या."

"एका लीकला?" त्यांचे डोळे हसले. "चांगला भाव आला म्हणायचा. फिटंफाट!"

तो जो जयघोष उठला त्याने सरहद्दीपलीकडील मेंढरेही दचकली असतील. मग एल्स्पेथने निशाण घेऊन मांड ठोकिली, टाच मारिली, आणि डंपलिंग, पोटात नवे बळ आल्यामुळे म्हणा की वाफियातून विनीबाई झाडू घेऊन निघाल्यामुळे म्हणा, जन्मात प्रथमच चौखूर उधळला. फौज मागे राहिली, चिखलाचे लोट उडाले, आणि घंटेचा दोर ओढावयास माणसाने हात वर केला तोच निशाण चौकात दाखल जाहले.

मग रात्रीच्या खान्यास चार्लटन जोडपे मानाने बोलाविले गेले, आणि लीकचा बुंधा कोंबडीच्या रश्शात पडला. चार्लटनांनी दोन वाट्या घेतल्या आणि बक्षीस मिळाले असते ऐसे स्वतःच सांगितले. त्या जागी सभेच्या कार्यवाहाने फळी रंगविणाऱ्याच्या वतीने राजश्री वॅट यांस विचारिले की, बाई म्हणोन कळावे यास्तव नावाआधी 'मिस' घालावे काय. एल्स्पेथने चमचा खाली ठेविला.

वॅट यांनी पावाने वाटी पुसोन तो पाव खाल्ला, मग म्हणाले, "आमच्या कुणाच्या नावापुढं 'बाप्या' लिहिलंय का?"

सबब फळीवर लिहिले ते येणेप्रमाणे: एल्स्पेथ टर्नबुल, कॉर्नेट. चार्लटन हाजीर असता हद्द राखिली.